‘नुंका’ म्हणजे नुसतं ‘कधीच’ नव्हे

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, गेले दोन महिने स्पॅनिश शब्दांची एक चौकट येते. रोज एक शब्द, त्याचा उच्चार आणि मराठी अर्थ. मी ती कात्रीने कापून एसटीच्या एका जुन्या डायरीत चिकटवते. या वयात (पासष्ट पूर्ण) हा उद्योग कशाला, असं शेजारच्या वहिनींनी विचारून झालंय, तेव्हा आपण विचारू नये. गेल्या सोमवारच्या चौकटीत ‘नुंका’ हा शब्द होता आणि त्याच्यापुढे अर्थ छापला होता: ‘कधीच’.

हा अर्थ अर्धा आहे. पुढे ‘नाही’ हवं होतं.

मी एकतीस वर्षं एसटीच्या आगारात लिपिक होते. त्यातली बरीचशी वर्षं कंडक्टरांची वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, तपासण्यात गेली. वेबिलात एक शून्य गळलं की रोकड आणि तिकिटं यांचा मेळ बसत नाही, आणि मग रात्री अकराला घरी पोचलेल्या माणसाला सकाळी पुन्हा बोलवावं लागतं. आपल्या चौकटीतून गळलेलं ‘नाही’ त्याच जातीचं आहे. त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा २०१७ साली नोकरीसाठी स्पेनला गेला. गाव थारागोथा. आपल्याकडे कुणी झारागोझा म्हणतं, कुणी सारागोसा. पण तिथली माणसं त्या ‘झ’च्या दोन्ही जागी जिभेचं टोक दातांत धरून ‘थ’सारखा आवाज काढतात. एब्रो नदीच्या काठचं शहर. तिथेच त्याने लग्न केलं. सून गुणी आहे, इंग्रजी बोलते, पोहेसुद्धा करते (मोहरी जास्त घालते, ते असो). अडचण सुनेची नव्हती, विहीणबाईंची होती. त्यांना स्पॅनिशखेरीज एक अक्षर येत नाही आणि माझं इंग्रजी सर्क्युलर वाचण्यापुरतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो, हात हलवायचो आणि मग दुभाषेपणासाठी मुलांच्या तोंडाकडे बघायचो. माणूस किती हसणार? सहाव्या महिन्यात गाल दुखायला लागले. शेवटी २०२२ च्या पाडव्याला मी वही घेऊन बसले.

मोबाइलवरच्या ॲपला मराठी येत नव्हतं. ते इंग्रजीतून स्पॅनिश शिकवायचं आणि मी त्या इंग्रजीचं मनात मराठी करून वहीत लिहायची. म्हणजे मिरजेहून सांगलीला जायला पुण्यावरून गाडी. ॲपने नुंकाला ‘नेव्हर’ म्हटलं, मी नेव्हरला ‘कधीच’ म्हटलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आपल्या चौकटवाल्यांनी नेमकं हेच केलं असावं, अशी मला दाट शंका आहे.

उच्चार मात्र पहिल्या दिवशीच जमला. तो आपल्याला फुकटात मिळतो. लिहिताना स्पॅनिश लोक तिथे साधा ‘न’ लिहितात, पण पुढे ‘क’ असल्यामुळे तोंडातून ‘ङ’ निघतो: शंका, डंका, नुंका. हा परसवर्ण (अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलणं) आपल्याला शाळेत शिकवलेला असतो. आणि तो ‘क’ही आपलाच, कोरडा.

आता किंमत सांगते.

पहिल्याच उन्हाळ्यातला एक रविवार. आपल्याकडे रात्रीचे नऊ, त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. विहीणबाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, ‘या आ थेनादो?’ रात्रीचं जेवण झालं का? त्यांच्याकडे रात्री नऊ-दहाच्या आधी कुणी जेवत नाही, त्यामुळे आमच्या आठच्या जेवणाचं त्यांना फार अप्रूप. मला प्रश्न कळला! हा आनंदच एवढा होता की उत्तर मराठीत तयार होऊन बसलं. आपण काय म्हणतो? ‘जेवलात का?’ ‘कधीच!’ म्हणजे मघाशीच, केव्हाच, भांडीसुद्धा घासून पालथी घातली. मी वहीतला शब्द उचलला आणि ठसक्यात म्हटलं, ‘नुंका!’

विहीणबाईंचा चेहरा उतरला. ‘नुंका? कोमो के नुंका?’ कधीच नाही? कधीच नाही म्हणजे काय?

मी आणखी जोरात, ‘सी, सी! नुंका!’

तिकडे त्यांनी लेकीला हाक मारली. लेकीने नवऱ्याला हाक मारली. माझा मुलगा ओल्या केसांनी पडद्यावर आला आणि म्हणाला, ‘आई, तू रात्री जेवतच नाहीस असं सांगितलंस का यांना?’ पुढे दोन महिने विहीणबाई प्रत्येक कॉलला मला जेवणाचं ताट कॅमेऱ्यासमोर धरायला लावत होत्या. मी धरत होते. काय करणार, मान त्यांचा.

मला म्हणायचं होतं ते त्यांच्या भाषेत ‘आथे रातो’. घटकाभर झाली.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी नुसता ‘कधीच’ घेऊन बसले. हा शब्द मी जन्मभर वापरलाय आणि तो असा दुतोंडी आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं. ‘गाडी कधीच गेली नाही’ म्हणजे गाडी एकदासुद्धा गेली नाही. त्यातलं ‘नाही’ काढा: ‘गाडी कधीच गेली’ म्हणजे गाडी जाऊन जमाना झाला. स्टँडवर बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या दोन वाक्यांतला फरक विचारा. सगळा नकार त्या ‘नाही’त आहे. ‘कधीच’च्या पोटात नकाराचा कणसुद्धा नाही.

नुंकाचं बरोबर उलटं. मूळ लॅटिन शब्द ‘नुम्क्वाम’, आणि त्याच्या आरंभी जो ‘न’ बसलाय तोच नकार, आपल्या संस्कृतातल्या ‘न’चा दूरचा भाऊ. नुंका नकार पोटात घेऊनच जन्माला आला. प्रश्नाला उत्तर म्हणून तो एकटा उच्चारला तरी ‘नाही’ झालेलं असतं. म्हणून नुंका बरोबर ‘कधीच नाही’, दोन्ही शब्द मिळून. आपल्या चौकटीत जागा कमी असेल तर उच्चार बारीक टाइपात छापा, पण ‘नाही’ कापू नका.

दुसरी चूक लवकर उरकते, कारण ती आठवली की अजून कान तापतात. निरोप घेताना मला म्हणायचं होतं, ‘आमच्याकडे कधीही या.’ वहीत नुंकापुढे ‘कधीच’च्या शेजारी मी कंसात ‘कधीही’ असंही लिहून ठेवलं होतं. तेव्हा विहिणीला हात जोडून म्हटलं, ‘बेंगा नुंका.’ या, कधीही नका येऊ. हे स्पॅनिश धड स्पॅनिशसुद्धा नाही, पण अर्थ पोचायचा तो पोचला. त्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. बरोबर वाक्य ‘बेंगा क्वांदो क्येरा’, हवं तेव्हा या.

दोष आपल्या ‘कधी’चा. हा एक शब्द आपल्याकडे एवढी कामं करतो, की आगारात असता तर मी त्याचा ओव्हरटाइम काढला असता. कधी आलात, हा प्रश्न. कधी आलात का इकडे, हा वेगळाच प्रश्न. कधीतरी, कधीकधी, कधी ना कधी, कधीचा, कधीपासून. ‘कधीही’ होकाराला लावा, दार उघडं. नकाराला लावा, दार बंद. स्पॅनिशमध्ये या प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमलेला आहे. वेळ विचारायला ‘क्वांदो’. आयुष्यात एकदा तरी, असं विचारायला ‘आल्गुना बेथ’. कधीकधीला ‘आ बेथेस’. ‘नेहमी’ला ‘स्येंप्रे’, आणि तो मात्र अगदी आपल्या ‘नेहमी’सारखा सरळमार्गी: थारागोथातल्या बारमध्ये नेहमीचा माणूस आत शिरला की ‘लो दे स्येंप्रे’ म्हणतो, आपल्या टपरीवर ‘नेहमीचं’ म्हणतो तसं. मराठी माणसाने ‘कधी’ या एका किल्लीने ही सगळी कुलुपं उघडायला गेलं की माझ्यासारखी गत होते. पण ही अडचण मराठी माणसाची आहे. ॲपला ती माहीत असायचं कारणच नाही. आपल्या दैनिकाला असायला हवी.

आणि मजा अशी, की जिथे अडचण नाही तिथे आपल्याला उगीच घाबरवलं जातं.

माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तकही होतं, मुलाने पाठवलेलं. त्यात नुंकाच्या धड्यात लाल चौकट: सावधान, स्पॅनिशमध्ये दोन नकार एकत्र येतात! ‘नो कोमो कार्ने नुंका’, शब्दाला शब्द लावला तर ‘नाही खाते मी मांस कधीच-नाही’. मी चौकट चारदा वाचली. यात सावधान कशापासून? शाळेत इंग्रजीच्या बाईंनी माझ्या वाक्यात ‘नॉट’ आणि ‘नेव्हर’ एकत्र बघून अर्धा गुण कापला होता आणि वर्गापुढे म्हणाल्या होत्या, दोन नकारांचा होकार होतो. असेल, इंग्रजीत. तिथल्या एका पाद्र्याने, रॉबर्ट लोथने, अठराव्या शतकातल्या आपल्या व्याकरणात तसं लिहूनच ठेवलंय. पण आपण ‘कोणीच कधीच काहीच बोललं नाही’ म्हणतो तेव्हा किती चकारांमागे एक ‘नाही’ धावतो! आणि विहीणबाई म्हणतात, ‘नाद्ये दिखो नुंका नादा.’ कोणीच-नाही बोललं कधीच-नाही काहीच-नाही. तीन नकार, आणि मिळून नकारच. इंग्रजीत वाढलेल्या विद्यार्थ्याला घाम फुटेल. मी मात्र मुकाट्याने मान डोलावली.

तरी इथे एक खाच आहे आणि तिच्यात मी पडले. मराठीत ‘कधीच’ कुठेही ठेवा, ‘नाही’ क्रियापदाला चिकटलेलंच राहतं. मी कधीच मांस खात नाही. मांस मी खात नाही कधीच. स्पॅनिशमध्ये मात्र नुंका क्रियापदाच्या पुढे आला की ‘नो’ने उतरायचं असतं. ‘नुंका कोमो कार्ने’, बस्स. नुंका मागे गेला की ‘नो’ पुढे पाहिजे: ‘नो कोमो कार्ने नुंका’. मी हे तिकिटाच्या हिशेबाने लक्षात ठेवलं. क्रियापदाची गाडी सुटायच्या आधी नकाराचं एक तिकीट फाटलेलं पाहिजे. नुंका पुढच्या दाराने चढला तर त्याच्या नावाने फाटलं, काम झालं. तो मागच्या दाराने चढणार असेल तर पुढे ‘नो’च्या नावाने फाडून ठेवायचं. दोघं पुढच्याच दाराने घुसले तर डबल तिकीट, आणि तपासणीस धरतो. (जुन्या, मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये असली डबल तिकिटं चालत असत, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.) आणखी एक: ‘मी कधी गेले नाही’ याला ‘नुंका ए इदो’ म्हणतात, पण ‘ए’ आणि ‘इदो’ यांच्या मध्ये नुंकाला बसता येत नाही. इंग्रजीत नेव्हर बरोबर त्या मधल्या सीटवर बसतो. इथेही इंग्रजीवरून गेलं की फसगत.

हे सगळं वहीत नीट लिहिलेलं होतं. आणि तरी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, नव्वद दिवसांच्या व्हिसावर, पहिल्यांदा विहीणबाईंच्या टेबलाशी बसले तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं? ‘नुंका नो कोमो कार्ने.’ मी कधीच मांस खात नाही, सरळ मराठी वाक्याच्या साच्यात. शब्दशः घेतलं तर अर्थ होतो, मांस खात नाही असं माझं कधी होत नाही. विहीणबाईंना मी शाकाहारी असल्याचं तीन वर्षांपासून माहीत. त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता खामोनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, बशी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे बघत बसल्या. मी त्यांच्याकडे. मग दोघींनाही हसू आवरेना. व्याकरणाचा असा धडा मला कुठल्याही वर्गात मिळाला नसता.

ॲपने पुढे सरकेना म्हणून मी मध्ये एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं होतं. शिकवणाऱ्या बाई अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या. त्यांच्याकडून मी ‘फोन करतो’ला ‘शामा’ म्हणायला शिकले. थारागोथात म्हणतात ‘यामा’. स्पॅनिशमध्येही देशावरची आणि कोकणातली असा भेद असतोच. पण त्यांच्या एका तासाबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय.

नुंकाचा धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर दोनच शब्द लिहिले: ‘नुंका मास’. पुन्हा कधीच नाही. आम्हाला वाटलं, व्याकरणाचं उदाहरण. त्या म्हणाल्या, हे आमच्या देशातल्या एका अहवालाचं नाव आहे. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी हुकूमशाही होती. माणसं घरातून, रस्त्यावरून उचलली जायची आणि परत यायची नाहीत. त्यांना ‘बेपत्ता’ म्हणायचे. लोकशाही परतल्यावर राष्ट्राध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी एक आयोग नेमला, एर्नेस्तो साबातो हे लेखक त्याचे अध्यक्ष. आयोगाने जवळपास ९,००० बेपत्ता माणसांची नोंद केली आणि १९८४ च्या सप्टेंबरात अहवाल दिला. नाव ‘नुंका मास’. पुढच्या वर्षी लष्करी सत्ताधीशांवर खटला चालला. सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा यांनी समारोप करताना सांगितलं की जे वाक्य मी आता वापरतोय ते माझं नाही, ते आता साऱ्या अर्जेंटिनाच्या जनतेचं आहे. आणि मग न्यायाधीशांकडे बघून एवढंच म्हणाले, नुंका मास.

आयोग नेमला जायच्या कितीतरी आधी, १९७७ पासून, बेपत्ता मुलांच्या आया राजधानीतल्या प्लासा दे मायो या चौकात गोळा व्हायच्या, डोक्याला पांढरे रुमाल बांधून, दर गुरुवारी. उभं राहायला बंदी म्हणून चालत राहायच्या. बाई हे सांगत असताना माझ्या मनात आलं ते अगदी क्षुल्लक होतं: माझा मुलगा पंधरा दिवस फोन करत नाही तर मी घर डोक्यावर घेते.

‘नुंका मास’मध्ये क्रियापद नाही. ‘नो’ची गरज नाही. नकार त्या एका शब्दाच्या पोटात आहे, म्हणून तो शब्द एकटा न्यायालयात उभा राहू शकला. आता आपल्या चौकटीतला अर्थ तिथे घालून बघा: ‘पुन्हा कधीच’. हे वाक्य अधांतरी राहतं, संपादक महाराज. वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो.

थारागोथाकडे परत येते. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आपला दसरा होता आणि त्याच दिवशी त्यांचा पिलारचा मोठा उत्सव. पिलार म्हणजे त्यांची ग्रामदेवताच म्हणा ना, मेरीमातेचं रूप. सगळं गाव पारंपरिक पोशाखात फुलं घेऊन बसिलिकासमोरच्या चौकात येतं आणि त्या फुलांचा एक प्रचंड शेला मूर्तीभोवती चढत जातो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात जन्म गेलेल्या बाईला यात परकं काय वाटणार? आपट्याची पानं परदेशात कुठून आणू, म्हणून मी पिवळा कागद कापून पानं केली होती. विहीणबाईंच्या हातात ठेवली, सोनं म्हणून. त्यांनी ती पर्समध्ये ठेवली. अजून आहेत, मला कॉलवर दाखवतात.

त्या दिवशी वारा असा सुटला होता की पदर सांभाळू की फुलं. तिथे त्या वाऱ्याला नाव आहे, थिएर्थो; एब्रोच्या खोऱ्यातून वायव्येकडून येतो, कोरडा आणि थंड. विहीणबाई म्हणाल्या, आज हा ‘मास के नुंका’ आहे. मी थबकले. ‘मास के नुंका’, कधीच-नाहीपेक्षा जास्त? मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण म्हणतो ना, ‘आज कधी नव्हे इतका वारा’! तोच नकार, त्याच जागी. इंग्रजीत तिथे होकारी ‘एव्हर’ येतो. विहीण आणि मी, दोघींनी न ठरवता आपापल्या भाषेत तिथे ‘नाही’ ठेवलेलं. मी भर चौकात ‘बरोबर! बरोबर!’ असं मराठीत ओरडले.

त्याच मुक्कामात आणखी एक म्हण मिळाली. सकाळी सकाळी तळलेले चुरोस, म्हणजे पिठाच्या कांड्या, दाट चॉकलेटमध्ये बुडवून खायचे, हे बघून मी पहिल्या दिवशी ‘यो, नुंका!’ (मी? कधीच नाही!) म्हणाले होते. चौथ्या दिवशी वाटी पुसून खाल्ली. विहीणबाई: ‘नुंका दिगास दे एस्ता आग्वा नो बेबेरे.’ हे पाणी मी पिणार नाही असं कधी म्हणू नये. म्हण बघा कशी चोख आहे, दोन वाक्यं, दोन्हींना आपापला नकार, एकेक तिकीट.

इंग्रजीवरून फेरा मारल्याने काय काय हुकतं याचा एक शेवटचा दाखला. ॲपला मी ‘विहीण’ कशी सांगणार? इंग्रजीत शब्दच नाही. कितीतरी महिने मी ‘सुनेची आई’ असं लांबलचक म्हणत होते. एके दिवशी त्यांनीच माझी ओळख मैत्रिणीला करून दिली: ‘मि कोन्स्वेग्रा’. माझी विहीण! स्वेग्रा म्हणजे सासू, कोन म्हणजे सह, सहसासू. शब्द पहिल्या दिवसापासून तिथे होता, आमच्या दोघींच्या मध्ये इंग्रजी बसलं होतं म्हणून दिसत नव्हता. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ हेही तसंच: मला आंबे आवडतात, ‘मला’सकट आणि आंब्यांच्या अनेकवचनासकट. इंग्रजीत आधी ‘मी’ आंब्यांना आवडवून घेते आणि मग परत फिरावं लागतं.

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. या दोघांची गाठ घालून द्यायला तिसऱ्याची चिठ्ठी कशाला लागावी? आपली चौकट छोटी आहे, पण ती मराठीत आहे, आणि म्हणूनच मी ती कापून ठेवते. शब्द निवडणाऱ्यांनी अर्थ छापण्याआधी फक्त एकदा तो मराठी वाक्यात घालून म्हणून बघावा, एवढीच विनंती. ‘जेवलात का?’ असं स्वतःला विचारलं तरी पुरे.

माझं पहिलं बिनचूक वाक्य कुठलं होतं ते सांगायचं राहिलं. परत आल्यावर डिसेंबरातला एक रविवार. मुलं सुट्टीवर डोंगरात गेलेली, कॉलवर आम्ही दोघीच, दुभाषे नाहीत. मी तिकिटं मोजून, सावकाश म्हटलं, ‘मि इखो नो यामा नुंका.’ माझा मुलगा कधीच फोन करत नाही. (खरं तर ‘कासी नुंका’, जवळजवळ कधीच नाही, पण तक्रार करताना कोण मोजतं.) विहीणबाईंनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, ‘ला मिया ताम्पोको.’

माझीही नाही.

मग आम्ही दोघी दीड तास बोललो.

तरी कृपया शुद्धिपत्राच्या जागी एक ओळ द्यावी: नुंका – कधीच नाही. माझं नाव छापू नये. मुलगा आपला अंक तिकडे इंटरनेटवर वाचतो आणि वरचा परिच्छेद त्याला लागेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लिपिक, मिरज

ता. क. – पत्र पाकिटात घालता घालता आजचा अंक आला. चौकटीत ‘आ बेथेस – कधी’ असं छापलंय. यात एक ‘कधी’ कमी आहे.